मॅडम असतात की सर?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका समुपदेशन केंद्राच्या बाकावर बसलो होतो. फोन वाजला. ताईंनी फी सांगितली, वेळ सांगितली आणि मग म्हणाल्या, "नाही हो, शनिवारी सर असतात. मॅडम मंगळवारी." अपॉइंटमेंट मंगळवारची ठरली.

पलीकडून आलेला तो प्रश्न जुना आहे. १८९५ साली व्हिएन्नाच्या ब्रॉयर आणि फ्रॉइड या डॉक्टरांनी हिस्टेरियावरचं (मनातल्या ताणाची शरीरावर उमटणारी लक्षणं) पुस्तक काढलं. त्यातल्या पाचही रुग्ण बायका, डॉक्टर दोघेही पुरुष. बोलून बरं करण्याचा साचा तिथेच पडला. १९०० मध्ये फ्रॉइडकडे अठरा वर्षांची एक मुलगी आली. 'डोरा' हे त्यानेच तिला दिलेलं नाव. वडिलांच्या मित्राने अंगलगट केली, हे तिचं गाऱ्हाणं. फ्रॉइडने घटना खरी मानली, पण तिच्या किळसेचा अर्थ लावला तो असा, की मनातून तिला तो माणूस हवाच आहे! ३१ डिसेंबरला ती उपचार सोडून निघून गेली. माझ्या मते शहाणपणा तिचाच.

१९२० च्या दशकात फ्रॉइडच्याच पंथातल्या मनोविश्लेषक करेन हॉर्नाय यांनी त्याच्या स्त्रीविषयक कल्पनांना आतूनच आव्हान दिलं. पण खरा दणका १९७० चा. इन्गे ब्रोव्हरमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ७९ मानसोपचार व्यावसायिकांना निरोगी माणसाचं वर्णन करायला लावलं. 'निरोगी प्रौढ' आणि 'निरोगी पुरुष' यांची वर्णनं जुळली, 'निरोगी स्त्री'चं वेगळं निघालं. आणि या ७९ जणांत ३३ स्त्रिया होत्या. म्हणजे खुर्चीवर बाई बसली की प्रश्न मिटला, असं नाही. पुढच्या अभ्यासांतही थेरपिस्ट बाई की पुरुष, याने गुण येण्यात फारसा फरक पडत नाही, असंच बहुतेकदा दिसलं. फरक पडतो तो दाराशी, पहिलं वाक्य तोंडातून निघण्याआधी.

आपल्याकडे दारच वेगळं होतं. १९०१ पासूनचं मनोरुग्णालय ठाण्यातच, त्यामुळे 'ठाण्याला पाठवा' ही महाराष्ट्रभरची थट्टा. तिथे बायकांचे वॉर्ड वेगळे, पण डॉक्टर कोण हवा हे रुग्णाला कोण विचारणार? १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी ठाण्यातच आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली आणि आपल्या पायांनी चालत येणाऱ्यांची सोय झाली. चालत येणारा माणूस निवड करतोच.

पुरुषही करतात. त्याच बाकावर वाशीहून आलेला एक तरुण मंगळवारच मागत होता. "सरांसमोर रडू येत नाही," म्हणाला.