न चावणाऱ्या चिलटांची नवी प्रजाती: वर्णनामागचा इतिहास

कायरोनोमिडी कुलातलं चिलट डासासारखं दिसतं, पण रक्त शोषायची सोंड त्याला नसते. त्याची नवी प्रजाती नोंदवायची तर बराचसा वेळ जुनी नावं उलगडण्यात जातो.

जर्मन कीटकतज्ज्ञ मायगेनने 1800 साली एका पुस्तिकेत एका वंशाला (जवळच्या प्रजातींच्या गटाला) 'टेंडिपेस' म्हटलं आणि 1803 मध्ये त्यालाच 'कायरोनोमस'. 1800 ची ती पुस्तिका विस्मरणात गेली. 1908 मध्ये ऑस्ट्रियन कीटकतज्ज्ञ हेंडेलने ती उजेडात आणली आणि कोणती नावं वापरायची यावरून तज्ज्ञांत दोन तट पडले. अखेर 1963 मध्ये आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने 1800 ची नावं रद्द केली. म्हणून मधल्या काळातलं साहित्य 'टेंडिपेडिडी' या कुलनामाखालीही धुंडाळावं लागतं.

भारतात खरी अडचण कीटकतज्ज्ञ कीफरने नोंदवलेल्या प्रजातींची. 1910 च्या सुमारास कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या नमुन्यांवरून त्याने अनेक प्रजाती नोंदवल्या. वर्णनं त्रोटक आणि भर रंगावर. अल्कोहोलमध्ये तो रंग फिका पडतो. बरेच मूळ नमुने आता सापडतही नाहीत. आपलं 'नवं' चिलट कीफरचंच जुनं नाही ना, हे आधी पाहिलंच पाहिजे.

पुढे रंगापेक्षा नराच्या जननांगाला वजन आलं. ब्रिटिश कीटकतज्ज्ञ एडवर्ड्सचा ब्रिटिश चिलटांवरचा 1929 चा प्रबंध या वाटेवरचा मोठा टप्पा. पद्धत आजही तीच आहे: पंख आधी वेगळे काढायचे, डोकं, छाती आणि उदर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये स्नायू विरघळेपर्यंत ठेवायचं, मग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, अल्कोहोल आणि शेवटी स्लाइडवर नमुना पक्का बसवणारं युपॅरल किंवा कॅनडा बाल्सम. हायड्रॉक्साइडमध्ये जास्त वेळ राहिलं तर नमुना इतका पारदर्शक होतो की कडाच दिसत नाहीत. पाणी राहिलं तर बाल्सम दुधाळ होतो. सगळ्यात घातक चूक म्हणजे कव्हरस्लिपखाली कललेलं जननांग. जननांगाच्या उपांगांचा (छोट्या जोडभागांचा) आकार बदललेला भासतो आणि नसलेली प्रजाती छापली जाते. मोजमापं मात्र साधी: नराच्या शृंगिकेच्या (डोक्यावरच्या मिशीच्या) शेवटच्या खंडाची लांबी भागिले आधीच्या खंडांची एकूण लांबी; आणि पायाच्या पहिल्या टार्सल (पाऊल) खंडाची लांबी भागिले त्याच्या आधीच्या टिबिया (नडगी) खंडाची.

नुसत्या नरावर भागत नाही. जर्मन जीवशास्त्रज्ञ थीनेमानच्या परंपरेने अळी आणि कोषाची कातही (टाकून दिलेली त्वचा) तितकीच महत्त्वाची ठरवली. अळी एकेकटी नळीत वाढवून तिची कात, कोषाची कात आणि बाहेर पडलेला नर एकत्र जपले, तरच तिन्ही अवस्था खात्रीने जुळतात. कायरोनोमस वंशात अळीच्या लाळग्रंथींतली महाकाय गुणसूत्रंही प्रजाती ओळखायला कामी येतात. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ बाल्बियानीने ती 1881 मध्येच पाहिली होती. 1992 मध्ये भारतातून वर्णन झालेल्या 'कायरोनोमस रॅमोसस'च्या अळ्यांवर तर पुणे विद्यापीठात गॅमा किरणांचे प्रयोग झाले.

आता सोबत डीएनए बारकोड, म्हणजे प्रजाती ओळखण्यासाठी वाचलेला जनुकाचा ठरावीक तुकडा, लागतो: पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा 658 बेस-जोड्यांचा तुकडा. इथे हायड्रॉक्साइड चालत नाही, तो डीएनए मोडतो. त्याऐवजी छाती आणि उदर प्रोटिनेज-के या प्रथिनं पचवणाऱ्या विकरात ठेवतात. स्नायू पचतात, डीएनए द्रवात उतरतो आणि उरलेलं कवच थेट स्लाइडवर चढवता येतं.