केगावची संचालकपदाची खुर्ची: पार्श्वभूमी

सोलापूरजवळच्या केगावला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथे नवे संचालक येणार म्हटलं की सांगोला-पंढरपूरकडचे बागायतदार आधी विचारतात, साहेबांनी तेल्यावर, म्हणजे डाळिंबावरच्या जिवाणूजन्य करप्यावर, काम केलंय का? ते कुठल्या प्रक्रियेतून येतात, हा प्रश्न मागे राहतो.

सोलापुरात शेतीचं संशोधन नवं नाही. कोरडवाहू शेतीचं केंद्र 1933 पासूनचं, आणि मोहोळची मालदांडी ज्वारीही त्याच दशकातली. त्या काळी आणि पुढेही बरीच वर्षं शास्त्रज्ञाची वाढ जागांना बांधलेली होती. वरची जागा निघेपर्यंत माणूस आहे तिथेच अडकून राही.

1972 साली दिल्लीत एका कृषिशास्त्रज्ञाने आत्महत्या केली. प्रकरण संसदेपर्यंत गेलं आणि एका माजी सरन्यायाधीशांच्या समितीने परिषदेच्या भरतीचा सगळा कारभार तपासला. 1973 मध्ये निवडीसाठी वेगळं मंडळ आलं आणि 1975 मध्ये शास्त्रज्ञांची अखिल भारतीय सेवा. जागा रिकामी असो वा नसो, ठरावीक वर्षांनी मूल्यमापन आणि त्यावर बढती, असं ठरलं. 1986 पासून विद्यापीठांच्या वेतनश्रेण्या लागू झाल्या. आज शास्त्रज्ञ, वरिष्ठ शास्त्रज्ञ, प्रधान शास्त्रज्ञ अशी जी शिडी दिसते, तिचं मूळ इथे आहे.

संचालकपद मात्र या शिडीची शेवटची पायरी नव्हे, आणि वाद इथेच आहे. ते देशभरातून अर्ज मागवून, मुलाखतीने आणि पाच वर्षांच्या मुदतीने भरलं जातं. मुदत संपली की पुन्हा निवड व्हावी लागते, नाहीतर परत प्रधान शास्त्रज्ञ. बाजूने बोलणारे म्हणतात की यामुळे कुणी खुर्ची अडवून बसत नाही आणि सेवाज्येष्ठतेच्या नावाखाली सुमार माणूस वर जात नाही. मुद्दा खरा आहे. 1972 आठवलं तर फारच खरा. पण डाळिंबाचं गणित वेगळं. संकर केलेलं रोप फळावर यायलाच काही वर्षं जातात, मग निवड, मग ठिकठिकाणच्या चाचण्या. केगावचं केंद्र 2005 मधलं आणि ‘भगवा’ या वाणाच्या संकरातून आलेला, लोह-जस्त जास्त असलेला ‘सोलापूर लाल’ हा वाण प्रसारित झाला 2017 मध्ये. मधल्या बारा वर्षांत पाच-पाच वर्षांचे दोन कार्यकाळ बसतात आणि वर दोन वर्षं उरतात. लावणारा एक, फळ पाहणारा दुसरा. शिवाय मुदत निम्मी सरली की पुढच्या निवडीचे वेध लागतात, आणि निवड समितीसमोर तेल्या किती आटोक्यात आला यापेक्षा शोधनिबंध आणि प्रकल्प मोजायला सोपे पडतात.

केंद्राच्या स्थापनेच्या सुमारास तेल्याने या पट्ट्यातल्या बागा काळवंडल्या होत्या, त्यामुळे सुरुवातीचं लक्ष त्यावरच होतं. नंतर मर रोग. 2021-22 च्या सुमारास सांगोल्यात पिन होल बोरर या किडीने खोडं पोखरली आणि लोकांनी उभ्या बागा उपटल्या. दरम्यान 2016 मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि निर्यातीच्या अपेक्षाही त्याच खुर्चीकडे वळल्या.

मुदत पाचाऐवजी सात वर्षांची करावी, असं बागायतदारांतले काही जण म्हणतात. त्यांना मुदतीपेक्षा, साहेब बदलले तरी सुरू असलेल्या चाचण्या बंद पडू नयेत, हे जास्त हवं आहे.