कापणीआधीचं पाणी

भात निसवलं, दाणा भरत आला की शेतकरी बांध फोडून खाचरातलं पाणी सोडून देतो. जमीन वाळते, कापणीला पाय रुतत नाहीत. कोकणात हे घरोघरी चालतं. जपानच्या तोयामा मैदानातही असंच चालायचं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे याच कामाने दाण्यात विष उतरत होतं, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तोयामाच्या वरच्या अंगाला डोंगरात कामिओकाची खाण आणि जस्ताचा कारखाना होता. जस्ताच्या खनिजात कॅडमियम हा विषारी धातू असतोच. आवर्तसारणीत ते जस्ताच्या अगदी खालच्या घरात बसतं. खनिज पिठासारखं दळून धुवायचे आणि ते गढूळ पाणी नदीत जायचं. पुढे जिन्झू नदीतून ते पाटाने शेतात यायचं, गाळ खाचरात बसायचा.

पाणी भरलेल्या चिखलात हवा पोचत नाही. तिथे कॅडमियम गंधकाशी जखडून पडतं, विरघळत नाही. पाणी सोडलं, जमिनीला भेगा पडल्या, हवा आत गेली की गंधकाची पकड सुटते आणि कॅडमियम मोकळं होतं. भाताची मुळं मँगनीज ज्या वाटेने उचलतात, त्याच वाटेने तेही रोपात शिरतं. नेमकं दाणा भरण्याच्या दिवसांत! रोप सहसा वाळत नाही, तांदूळ नेहमीसारखाच दिसतो, शिजतोही तसाच. मला या सगळ्यात सर्वांत भयंकर हेच वाटतं.

पोटात गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडात साठतं. त्यातलं निम्मं बाहेर पडायला १० ते ३० वर्षं लागतात. मूत्रपिंड बिघडलं की हाडांना लागणारं फॉस्फेट लघवीवाटे वाहून जातं आणि हाडं मऊ पडतात. बळी गेल्या त्या बहुतेक चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, अनेक बाळंतपणं झालेल्या शेतकरी बायका. अंगात लोह कमी असलं की आतडं कॅडमियम जास्त शोषून घेतं, म्हणजे आधीच झिजलेल्या बाईवरच घाव. खोकल्याची उबळ आली तरी बरगडी मोडायची. 'इताई, इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय', हे त्यांचं कण्हणंच रोगाचं नाव झालं. घरात सून यायची नाही या धास्तीने लोक दुखणं लपवून ठेवत.

नोबोरू हागिनो या तिथल्याच डॉक्टरांनी हा माग काढत थेट खाणीपर्यंत नेला. १९६८ मध्ये जपान सरकारने कारण मान्य केलं. १९७१ मध्ये तोयामाच्या न्यायालयात गावकरी खाण चालवणाऱ्या मित्सुई कंपनीविरुद्धचा खटला जिंकले.

भरपाई मिळाली, पण जमिनीचं काय? कीटकनाशक असतं तर जिवाणूंनी ते कधी ना कधी कुजवलं असतं. कॅडमियम हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही. मग दूषित माती खाली पुरून तिच्यावर स्वच्छ माती घालायची, एवढाच मार्ग उरला. १९७९ ते २०१२, तब्बल ३३ वर्षं हे काम चाललं आणि ८६३ हेक्टर शेती अशी नवी करावी लागली.

जपानमध्ये जिथे मातीत अजून कॅडमियम आहे, तिथे आता भात निसवण्याच्या सुमारास खाचरात पाणी तुंबवून ठेवायला सांगतात. उपाय लागू पडतो, पण पाणी फार दिवस राहिलं की मातीतलं आर्सेनिक सुटून तांदळात येतं. एक आवरावं तर दुसरं डोकं वर काढतं. म्हणूनच धातू मातीत पोचायच्या आधी, कारखान्याच्या दारातच अडवायला हवा.

तोयामाच्या गावकऱ्यांनी नेमकं तेच केलं. खटला संपल्यावर त्यांनी कंपनीकडून केव्हाही आत येऊन तपासणी करण्याचा हक्क लिहून घेतला. १९७२ पासून दरवर्षी शेतकरी आणि शास्त्रज्ञ मिळून कारखान्यात जातात, सांडपाण्याच्या वाटा आणि गाळाचे साठे पाहतात. तपासणीचा खर्च कंपनी भरते. जिन्झूच्या पाण्यातलं कॅडमियम आता निसर्गात असतं त्याच पातळीच्या आसपास आलं आहे.