उन्हातलं स्टील, सावलीतला दगड

मे महिन्यात दुपारी साडेतीन-चारला शहरातल्या एखाद्या बसथांब्याकडे नीट बघा. स्टीलचं चकचकीत बाकडं रिकामं असतं आणि माणसं शेजारच्या खांबाच्या वीतभर सावलीत अंग चोरून उभी असतात. थांब्याला छप्पर असतं, पण तोवर सूर्य कललेला असतो आणि छपराची सावली बाकडं सोडून भलतीकडेच पडलेली असते. त्या बाकड्यावर बूड टेकवायचं धाडस एखादा नवखाच करतो आणि टेकवल्या टेकवल्या उठतो.

हवा ३८ अंशांवर असताना बाकडं ६० अंशांवर जातं, ते कसं? स्वच्छ दुपारी डोक्यावरचा सूर्य दर चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास ऊर्जा देतो, म्हणजे घरातल्या इस्त्रीएवढी. आलेली उष्णता आणि बाहेर टाकलेली उष्णता सारखी होईपर्यंत बाकडं तापतच राहतं. ती बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः दोन वाटा असतात: वाऱ्याला देणं आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात सोडणं.

चकचकीत स्टील फसवतं ते इथे. अंगावर पडलेल्या उजेडापैकी बराचसा ते परत फेकतं, त्यामुळे ते गार राहील असं वाटतं. पण अवरक्त किरण सोडण्यात हाच चकचकीत धातू कमालीचा कंजूष. लाकूड, दगड, आपली त्वचा, इतकंच काय साधा पांढरा रंगही शक्य तेवढ्या किरणांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास सोडतात. पॉलिश केलेलं स्टील जेमतेम १० ते २० टक्के. मग वारा पडला की त्याची उष्णता अडकून बसते. त्याच बाकड्याला पांढरा रंग दिला तर ते कमी तापेल.

तरीही चटक्याचा खरा हिशेब तापमानावर संपत नाही. गडद लाकडाची फळी उन्हात ६० अंशांपर्यंत सहज जाते, पण तिच्यावर बसता येतं. आपल्या त्वचेला बाकड्याचं तापमान कळतच नाही. स्पर्शाच्या जागी दोघांच्या मधलं जे तापमान तयार होतं, तेवढंच तिला कळतं. ते कोणाच्या बाजूला झुकेल हे पदार्थ किती झपाट्याने उष्णता देऊ-घेऊ शकतो त्यावर ठरतं. या गुणाला थर्मल इफ्युसिव्हिटी म्हणतात. पदार्थाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता, घनता आणि उष्णता साठवण्याची क्षमता या तिघींचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की ती मिळते.

त्वचा ३४ अंशांवर आणि सगळी बाकडी ६० अंशांवर आहेत असं धरून आकडे मांडू. स्टीलला हात लावला की स्पर्शाच्या जागी साधारण ५६-५७ अंश भरतात. ग्रॅनाइटला ५१-५२, काँक्रीटला ४९ आणि लाकडाला फक्त ४०-४१. गंमत म्हणजे स्टेनलेस स्टील धातूंमध्ये तसं मठ्ठच आहे, तांब्याच्या पंचविसाव्या हिश्श्याइतकीच उष्णता ते वाहून नेतं. तेवढीही आपल्याला पुरून उरते. हे आकडे जाडजूड वस्तूच्या पहिल्या काही क्षणांचे आहेत; पातळ पत्रा असेल तर त्यातला साठा लवकर संपतो आणि चटका ओसरतो. दगडाचा साठा लवकर संपत नाही.

त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचं प्रथिन असतं. ते ४३ अंशांच्या आसपास उघडतं आणि मेंदूला वेदनेचा निरोप जातो. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते शोधलं ते मिरचीतल्या कॅप्सेसिनच्या मागावर असताना. या संशोधनाला २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ठेच्याने आणि तापल्या बाकड्याने एकच घंटा वाजते. वरच्या आकड्यांकडे पुन्हा बघा: लाकूड ४३ च्या अलीकडे आहे, बाकी सगळे पलीकडे. भाजण्याचा हिशेब याहून कडक. मोरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ साली दाखवलं की ४४ अंशांना त्वचा भाजायला सुमारे सहा तास लागतात, तर ६० अंशांना काही सेकंद. हाफपँटमधलं पोर आणि मधुमेहाने नसा बधिर झालेला म्हातारा यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

आता गावातल्या वडाच्या पाराकडे या. तोही काळ्या दगडाचा, तरी भर दुपारी माणसं त्याच्यावर आडवी होतात. सावलीत दगड रात्रीचा गारवा बराच वेळ धरून ठेवतो आणि त्वचेपेक्षा थंड असेपर्यंत तोच झपाटा उलट्या दिशेने कामाला येतो: दगड अंगातली उष्णता ओढून घेतो. तेवढ्याच तापमानाची लाकडी फळी इतकी गार लागत नाही. उन्हात लाकूड आणि सावलीत दगड, ही जोडी बरोबर. झाड तोडून तोच पार उघडा ठेवला तर संध्याकाळी उशिरापर्यंत तो ऊब सोडत बसेल.

चकचकीत स्टील कलाकृतींनाही प्रिय आहे. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं शिकागोतलं ‘क्लाउड गेट’ १६८ स्टील पत्र्यांचं आहे. त्याची बाहेरची पाठ फुगीर असल्यामुळे ऊन विखुरतं. लॉस एंजेलिसचं वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉल २००३ साली उघडलं तेव्हा त्याचे काही चकचकीत पत्रे आत वळलेले होते. त्यांनी ऊन एकवटून शेजारच्या घरांवर आणि पदपथावर फेकलं. २००५ साली ते पत्रे घासून निस्तेज करावे लागले.

मग बसथांब्यावर स्टीलच का? ते सहजी गंजत नाही, धुता येतं, वाळवी लागत नाही. निविदा लिहिणाऱ्याच्या जागी बसलं तर हे पटतंही. (समुद्राकाठी साध्या ३०४ दर्जाच्या स्टीलवरही तपकिरी डाग पडतात, तिथे मॉलिब्डेनम घातलेलं ३१६ लागतं.) पण जुन्या बागांतलं, रेल्वेच्या फलाटांवरचं बाकडं आठवा: पाय बिडाचे, बसायला लाकडी पट्ट्या, मध्ये फटी. धातू भार पेलतो, अंगाला लाकूड लागतं, पाणी फटींतून निथळतं. सागवानाचं तेलपाणी नको असेल तर पुनर्वापर केलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आहेत, त्यांची इफ्युसिव्हिटी लाकडापेक्षा जास्त, पण दगड आणि स्टीलपेक्षा बरीच कमी असते. माझ्या मते नव्या थांब्यांवर स्टील पायांपुरतंच ठेवावं.

हे स्वतः मोजायचं असेल तर एक सावधगिरी. हल्ली सहज मिळणारी इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक वस्तूकडून येणारे अवरक्त किरण मोजते, आणि चकचकीत स्टील तेच फारसे सोडत नाही. उलट वरच्या थंड आकाशातून आलेले किरण परत फेकतं. त्यामुळे चटका देणारं बाकडंही तिला गार दिसतं. बाकड्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा, दहा मिनिटं थांबा आणि मग त्या तुकड्यावर नेम धरा. कुणी नुसत्या बंदुकीचा आकडा दाखवून बाकडं गार असल्याचं सांगू लागलं, तर आधी त्याला बसायला सांगा.