खैऱ्याची चावी प्लाझ्मिडवर, सुई गुणसूत्रावर

कागदी लिंबाचं खैऱ्या पडलेलं पान उन्हाकडे धरून पाहा. ठिपक्याभोवती पिवळं वलय असतं, मधला भाग कातासारखा तपकिरी, आणि बोट फिरवलं की खरखरीत लागतो. तो खरखरीतपणा जिवाणूंचा थर नव्हे. त्या लिंबाच्याच पेशी आहेत, फुगून आणि विभागून पानाची त्वचा फोडून वर आलेल्या. जालना-पैठण पट्ट्यातल्या मोसंबीवरही हाच रोग येतो, कागदी लिंबापेक्षा कमी. बागेच्या बांधावर काळी बाहुली टांगून तो थांबत नाही. नजर लागल्याने पेशी विभागत नसतात.

जिवाणूचं नाव झँथोमोनास सिट्री. त्याच्या एका वाणाची पूर्ण जनुकसंहिता २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे ५१ लाख ७५ हजार बेसजोड्यांचं, म्हणजे डीएनएच्या अक्षरजोड्यांचं, एक गोल गुणसूत्र, आणि दोन लहान प्लाझ्मिड: एक ३४ हजारांच्या आसपास, दुसरं ६५ हजारांच्या. प्लाझ्मिड म्हणजे जादा डीएनए, नसला तरी चालतो, असं शाळेत शिकवतात. इथे ते अर्धंच खरं. पीटीएचए जनुकं या दोन प्लाझ्मिडांवरच आहेत, प्रत्येकावर दोन. त्यांतलं पीटीएचए४ निकामी केलं तर जिवाणू जगतो, पण पानावर खैऱ्याचा फोड उठत नाही.

या जनुकाचं प्रथिन बघण्यासारखं आहे. त्याच्या मधोमध ३४-३४ अमिनो आम्लांचे १७ तुकडे एकापुढे एक लागतात, शेवटी एक अर्धा. सगळे जवळपास सारखे. फरक मुख्यतः १२व्या आणि १३व्या जागेवर. तिथे हिस्टिडीन-अ‍ॅस्पार्टिक आम्ल असेल तर तो तुकडा डीएनएचं ‘सी’ अक्षर धरतो, अ‍ॅस्परॅजीन-ग्लायसीन असेल तर ‘टी’, अ‍ॅस्परॅजीन-आयसोल्युसीन असेल तर ‘ए’. एक तुकडा, एक अक्षर. ही लिपी २००९ मध्ये उलगडली. असं अक्षर-अक्षर जुळवत प्रथिन लिंबाच्या एलओबी१ या जनुकाच्या तोंडाशी जाऊन बसतं, ते जनुक चालू होतं आणि पेशी फुगू लागतात.

पण प्रथिन पेशीत शिरतं कसं? त्यासाठी लागणारी सुई, म्हणजे तिसऱ्या प्रकारची स्रावयंत्रणा, गुणसूत्रावरच्या एचआरपी जनुकांनी बनते. त्यांचा हुकूम एचआरपीजी आणि एचआरपीएक्स या दोन नियंत्रकांकडे, तेही गुणसूत्रावरच. सकस खाद्यमाध्यमात ही जनुकं बंद असतात, पानाच्या पेशींमधल्या पोकळीत चालू होतात. सुई मोडली की प्लाझ्मिड शाबूत असूनही रोग होत नाही. उलट, पीटीएचए जनुक थेट लिंबाच्या पेशीत घातलं, तर जिवाणूच्या सुईवाचूनही पेशी फुगतात, विभागतात आणि मरतात. १९९९ च्या प्रयोगात हे दिसलं.

फवारणीतही गुणसूत्र आणि प्लाझ्मिड हीच जोडी आडवी येते. कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला ३ ग्रॅम मारतात. तांबं पानाच्या पृष्ठभागावरच राहतं, ठिपक्याच्या आत पोचत नाही. म्हणून ते नवतीवर, पावसाआधी पडायला हवं. नागअळीने पोखरलेल्या पानात जिवाणूला आयती वाट मिळते, तेव्हा तिचाही बंदोबस्त हवा. थोडं तांबं सहन करण्याची जनुकं जिवाणूच्या गुणसूत्रावर मुळातच आहेत. अर्जेंटिनातल्या काही वाणांनी मात्र भरपूर तांबं पचवणारी जनुकं मोठ्या प्लाझ्मिडवर मिळवली आहेत, आणि प्लाझ्मिड एका जिवाणूतून दुसऱ्यात जातो. म्हणून एकाच बागेत वर्षानुवर्षं नुसत्या तांब्यावर भिस्त ठेवू नये. रोगट फांद्या कोरड्या दिवसांत छाटून जाळाव्यात, आणि ठिपका असलेलं कलम रोपवाटिकेतून आणूच नये.