अल्कीनांच्या भूमितीय समघटकांचे नामकरण

अल्कीन म्हणजे कार्बन-कार्बन द्विबंध असलेले हायड्रोकार्बन; या द्विबंधाभोवती सामान्य तापमानाला मुक्त परिभ्रमण होत नाही. त्यामुळे द्विबंधाच्या प्रत्येक कार्बनावरील दोन गट परस्परांहून भिन्न असल्यास एकाच रचनासूत्राची दोन स्वतंत्र संयुगे संभवतात. यालाच 'भूमितीय समघटकता' म्हणत; ही संज्ञा आयुपॅकला (रासायनिक नामकरणाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघाला) आता मान्य नाही. पाठ्यपुस्तकांत मात्र ती रूढ आहे.

रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी १८७४ मध्ये मांडलेल्या चतुष्फलकीय कार्बनाच्या (कार्बनाचे चार बंध चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे असतात, या) कल्पनेतून मॅलेइक व फ्यूमेरिक या एकाच रचनासूत्राच्या अम्लांतील भेदाचा उलगडा झाला. मॅलेइक अम्ल तापवले की पाणी सोडून सहज अ‍ॅनहायड्राइड देते. त्यावरून त्यातील कार्बॉक्सिल गट एकाच बाजूस (सिस), तर फ्यूमेरिकमधील विरुद्ध बाजूंस (ट्रान्स) मानले गेले. विस्लिसेनुस यांनी १८८७ मध्ये हा विचार व्यापक केला, पण ब्रोमिनाचे दोन्ही अणू द्विबंधाला एकाच बाजूने जोडले जातात, असे गृहीत धरले. आर्थर मायकेल यांनी त्यास हरकत घेतली आणि पुढे तीच ग्राह्य ठरली. या रचनांबाबत परमँगनेटाच्या विक्रियेचा पुरावा अधिक भरवशाचा म्हणावा लागेल. त्यात दोन्ही हायड्रॉक्सिल गट एकाच बाजूने येतात व मॅलेइक अम्लापासून मेसो (अंतर्गत सममितीमुळे प्रकाशीय दृष्ट्या निष्क्रिय), तर फ्यूमेरिकपासून रेसेमिक (दोन आरसा-प्रतिमा रूपांचे समप्रमाणातील मिश्रण) टार्टारिक अम्ल मिळते. सिस-ट्रान्स या संज्ञांचे श्रेय सामान्यतः बायर यांना देतात; त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या असाव्यात.

द्विबंधावर तीन किंवा चार भिन्न गट आले, की या संज्ञा संदिग्ध होतात. यावर ब्लॅकवुड व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये ई-झेड पद्धत सुचवली; आयुपॅकच्या १९७४ च्या शिफारशींत ती आहे. कान, इंगोल्ड व प्रेलॉग यांच्या अग्रक्रम नियमांनुसार प्रत्येक कार्बनावरील वरिष्ठ गट ठरवतात. थेट जोडलेल्या अणूचा अणुक्रमांक मोठा तो गट वरिष्ठ. बरोबरी झाल्यास पुढचे अणू तपासतात. वरिष्ठ गट एकाच बाजूस असल्यास झेड (जर्मन त्सुझामेन, 'एकत्र'), विरुद्ध बाजूंस असल्यास ई (एन्टगेगेन, 'विरुद्ध').

सिस म्हणजे झेड हे समीकरण मात्र सर्वत्र लागू पडत नाही. २-क्लोरोब्यूट-२-ईनमध्ये दुसऱ्या कार्बनावर क्लोरीन मिथिलाहून वरिष्ठ, तर तिसऱ्यावर मिथिल हायड्रोजनाहून वरिष्ठ. साहजिकच मुख्य साखळी ट्रान्स असलेला समघटक येथे झेड ठरतो. अनेक द्विबंध असल्यास प्रत्येकाचे चिन्ह स्थानांकासह देतात, उदा., सॉर्बिक अम्ल हे (२ई,४ई)-हेक्सा-२,४-डायइनॉइक अम्ल होय.