जिद्दीचा रक्तदाब

अमेरिकेत उच्च रक्तदाबाचं प्रमाण कृष्णवर्णीयांमध्ये गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त आहे. ‘त्यांच्या रक्तातच असेल’ हे त्यावरचं सोपं उत्तर. पण रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मूळच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची तुलना केली, तेव्हा हे प्रमाण पश्चिम आफ्रिकेत सुमारे १६ टक्के, कॅरिबियन देशांत २६ आणि अमेरिकेत ३३ टक्के निघालं. दोष नुसता रक्तातला असता, तर इतका फरक पडला नसता.

याच कोड्याच्या मागे शरमन जेम्स आयुष्यभर लागले. ते स्वतः कृष्णवर्णीय, दक्षिण कॅरोलिनातले. शिकले सामाजिक मानसशास्त्र; १९७३ मध्ये पीएच.डी. झाल्यावर उत्तर कॅरोलिना विद्यापीठात साथरोगशास्त्राकडे वळले. रोग्यांची मोजदाद करणाऱ्या शास्त्रात माणसाचं मन जाणणारा कुणी शिरला, हे फार बरं झालं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एका निवृत्त शेतकऱ्याची मुलाखत घेतली. वाट्याने जमीन कसणाऱ्या, मालकाच्या कर्जात रुतलेल्या कुटुंबात तो वाढला होता. शाळा नावापुरती. तरी चाळिशीपर्यंत त्याने ७५ एकर जमीन स्वतःच्या नावावर केली. साठीच्या उंबरठ्यावर मात्र त्याला रक्तदाब, संधिवात आणि पोटाचा असा अल्सर जडला, की ४० टक्के जठर काढावं लागलं. त्याचं नाव जॉन हेन्री. आता योगायोग पाहा: अमेरिकी लोककथेतला जॉन हेन्री हा कृष्णवर्णीय मजूर वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, हातोड्याने खडक फोडून जिंकतो आणि तिथेच मरून पडतो.

जेम्स यांनी जिद्दीने झुंजत राहण्याच्या या वृत्तीला ‘जॉन हेन्रीइझम’ म्हटलं आणि ती मोजायला बारा विधानांची मोजपट्टी केली. मनासारखं झालं नाही की मी आणखी जोराने कामाला लागतो, अशा धर्तीची ही विधानं. उत्तर कॅरोलिनाच्या एजकोम्ब परगण्यातल्या कृष्णवर्णीयांचा त्यांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. या मोजपट्टीवर जास्त गुण मिळालेल्यांत, निम्न आर्थिक-सामाजिक स्तरातल्या ३१.४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब होता. वरच्या स्तरात फक्त ११.५ टक्के. म्हणजे नुसती जिद्द बाधत नाही. शिक्षण, पैसा, ओळखी काहीच हाताशी नसताना वर्षानुवर्षं झुंजत राहिलं, की शरीर सतत सज्ज अवस्थेत राहतं, तणावाची संप्रेरकं उतरत नाहीत आणि रक्तवाहिन्या त्याची किंमत मोजतात, असं हे गृहीतक सांगतं.

पुढच्या सगळ्याच पाहण्यांनी याला सरळ पाठिंबा दिला असं नाही. त्याच राज्यातल्या पिट परगण्यात १९८८ पासून खुद्द जेम्स यांनी केलेल्या पाहणीतही चित्र गुंतागुंतीचं निघालं. मला तरी त्यामुळे कल्पना लंगडी वाटत नाही. २०१५ मध्ये जॉर्जियाच्या ग्रामीण भागातल्या कृष्णवर्णीय तरुणांवरचा एक अभ्यास आला. गरीब घरांतली, स्वतःवर चांगला ताबा असलेली मुलं नैराश्य आणि व्यसनांपासून तुलनेने लांब राहिली. पण डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून मोजलं, तर त्यांच्या पेशी वयापेक्षा लवकर म्हाताऱ्या होत होत्या. बऱ्या परिस्थितीतल्या मुलांमध्ये तोच गुण पेशींचं वय रोखून धरत होता.